उरलेले दोन आठवडे

थोरली : म्हणजे विकायचं काय आहे नक्की? खोली तर आपली नाही म्हणतेस.

धाकटी : तिसऱ्यांदा सांगते, जाऊबाई. खोली रिसॉर्टची. आपला फक्त आठवडा. वर्षातला एकविसावा.

थोरली : आठवडा कसा विकतात गं? पिशवीत भरून देणार का त्या माणसाला?

धाकटी : तीस वर्षांपूर्वी विकत घेतला होता ना? तसाच विकायचा. तेव्हा नाही पडला तुम्हाला प्रश्न.

थोरली : तेव्हा घेणारे दोघे भाऊ होते. आपल्याला कुणी विचारलं? हॉटेलात फुकट जेवण आहे म्हणून दोघं कोट घालून गेले, आणि संध्याकाळी सह्या करून आले. हे मला म्हणाले, तळ्याकाठी घर झालं आपलं. मी रात्रभर पडद्यांचा रंग ठरवत होते.

धाकटी : आणि आमचे हे म्हणाले, वर्षाचे सात दिवस आपले. मी विचारलं, बाकीचे दिवस कुणाचे? तर म्हणाले, तू ना, फार खोलात जातेस.

थोरली : गेले बिचारे दोघंही. नाहीतर आज त्यांनाच विचारलं असतं.

धाकटी : त्यांना तरी कुठे कळलं होतं? नीट बसा आता. तो माणूस येईल एवढ्यात. आणि त्याच्यासमोर घर-घर करू नका. टाइमशेअर म्हणा.

थोरली : टाइमशेअर. बरं. पण मला एक सांग, दोनच वर्षं राहिली ना? म्हणजे मुदत भरत आली. मग भाव जास्त यायला हवा. बँकेतली ठेव नाही का, भरत आली की...

धाकटी : ही ठेव नाही हो! हा बसचा पास आहे असं समजा. महिना संपत आला की त्या पासाचं काय होतं?

थोरली : मी कधी पास विकला नाही बाई.

धाकटी : कारण कुणी घेतलाच नसता!

थोरली : मग हा कसा घेतोय?

धाकटी : तेच तर मला कळत नाहीये. एजंट स्पष्ट म्हणाला, वहिनी, दोन आठवडे उरलेला करार कुणी फुकट नेला तरी सुटलात म्हणा. कधी कधी म्हणे वरून मेंटेनन्सचे पैसे आपण द्यायचे, तेव्हा कुठे लोक हात लावतात.

थोरली : आपलीच वस्तू, आणि दुसऱ्याने न्यावी म्हणून आपणच पैसे मोजायचे? मग ती आपली कसली?

धाकटी : तेच तर सांगतेय. दर वर्षी मेंटेनन्स वाढतो, आणि वस्तू मात्र लहान लहान होत जाते. मला नाही झेपत आता. ते सहा तास गाडीत बसणं, वर तो जिना. आणि तिथे जाऊन तरी मी काय केलं आजवर? इथला ओटा सोडायचा आणि तिथल्या ओट्यापाशी उभं राहायचं. सुट्टी तुमची असायची, स्वयंपाकघर माझं.

थोरली : मी भाजी चिरून द्यायचे.

धाकटी : द्यायचात. पहिल्या दिवशी. मग तुमचं ते विणकाम सुरू व्हायचं खिडकीत बसून, आणि तुम्ही आम्हाला दिसेनाशा व्हायचात. आता ते जाऊ दे. सही करणार ना? करार दोघींच्या नावावर आहे. ऐन वेळी पेन हातात घेऊन रडायचं नाही.

थोरली : करीन म्हटलंय ना. फक्त पुढच्या वर्षी एकदा जायला मिळालं असतं तर...

धाकटी : झालं! कशाला?

थोरली : एक बघायचं होतं. कपाटात.

धाकटी : काही विसरलात का तिथे? फोन करते ऑफिसात, मागवून घेऊ.

थोरली : विसरले नाही. ठेवलंय.

धाकटी : काय ठेवलंय? जाऊबाई, दागिना-बिगिना नाही ना?

थोरली : वेडी का काय! दागिना असता तर तुझ्या नजरेतून सुटला असता?

(बेल वाजते. धाकटी दार उघडते. पन्नाशीचा एक माणूस, हातात फुगलेली कापडी पिशवी.)

पाहुणा : नमस्कार. काल फोन केला होता... ते जाहिरातीचं. खोली नंबर बारा, एकविसावा आठवडा.

धाकटी : या, या. मीच बोलले होते. ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. करार आमच्या दोघींचा आहे. बसा. पिशवी ठेवा ना खाली.

पाहुणा : नाही, असू दे. मांडीवरच बरी आहे.

धाकटी : कागद काढून ठेवलेत. वाचून घ्या. चष्मा लागतो का?

पाहुणा : चष्म्याचंच दुकान आहे माझं. पण... वाचायला नको. तुमच्यावर विश्वास आहे.

धाकटी : आमच्यावर? पाच मिनिटं झाली नाहीत तुम्हाला येऊन.

पाहुणा : नाही म्हणजे, करारातली दोनच वर्षं राहिली. मला माहितीये.

धाकटी : मेंटेनन्स माहितीये? गेल्या वर्षी पुन्हा वाढवला त्यांनी.

पाहुणा : हो, वाढवला. पत्र आलं होतं.

धाकटी : पत्र तुम्हाला कसं आलं?

पाहुणा : म्हणजे... तुम्हाला आलं असेल. तुम्ही जाहिरातीत जी रक्कम लिहिली आहे, ती मला मान्य आहे.

धाकटी : सगळी?

पाहुणा : हो.

धाकटी : अहो, जरा घासाघीस तरी करा! ती रक्कम एजंटने आपली टाकायची म्हणून टाकली. मी स्वतः अर्ध्यावर यायला तयार होते.

थोरली : अगं, असं सांगतात का समोरच्याला?

धाकटी : सांगू दे मला. हे बरोबर नाही काहीतरी. ज्याला भाव नाही अशी वस्तू हा माणूस कागद न वाचता पूर्ण पैशाने घेतोय. जाऊबाई, तुमच्या त्या मैत्रिणीला असाच एक गोड बोलणारा भेटला होता. घरातलं जुनं फर्निचर घेतो म्हणाला आणि कपाटातलं सोनं घेऊन गेला.

पाहुणा : नाही हो, मी तसला माणूस नाही. चौकात विचारा, चष्मेवाला म्हणून सगळे ओळखतात.

धाकटी : कुठल्या चौकात? आमच्या तर नाही.

पाहुणा : आमच्या... आमच्या तिकडच्या. जरा पाणी मिळेल का?

थोरली : पाणी दे गं त्यांना. चहाही टाक. घाम फुटलाय बघ बिचाऱ्याला.

धाकटी : चहा ठेवलेलाच आहे. मी इथून हलणार नाही. घ्या पाणी.

पाहुणा : थँक्यू. मला थोडं विचारायचं होतं. खोलीबद्दल. म्हणजे... तिथे खिडकीतल्या खुर्चीत कोण बसायचं, तुमच्याकडचं?

धाकटी : काय?

पाहुणा : खिडकीत एक वेताची खुर्ची आहे ना. डाव्या हाताची वीण उसवलेली.

धाकटी : अहो, तुम्ही आठवडा घेताय का खुर्ची? आणि खुर्ची उसवलेली तुम्हाला काय माहीत?

पाहुणा : बरं, ते राहू दे. मला कसं विचारावं कळत नाहीये. तुमच्याकडे... अलीकडे... कुणी गेलंय का?

धाकटी : कुठे गेलंय?

पाहुणा : म्हणजे वारलंय का.

धाकटी : आमच्याकडे बरेच वारलेत. तुम्हाला कोण हवंय?

थोरली : अगं!

धाकटी : नाही, विचारू दे. हे आठवडा घ्यायला आलेत का मयताची चौकशी करायला? माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, ह्यांचे जाऊन अकरा. सासूबाई त्याच्याही आधी. पुढे?

पाहुणा : नाही, बाईमाणूस. ह्या एक-दोन वर्षांतलं. वयस्कर बाई. विणकाम करणाऱ्या.

थोरली : काय म्हणालात?

पाहुणा : विणकाम. लोकरीचं. मला नावही माहीत नाही हो त्यांचं. ऑफिसवाले सांगत नाहीत, दुसऱ्या मेंबरची माहिती देत नाही म्हणतात. जाहिरात दिसली, त्यात खोली आणि आठवडा बघितला, आणि आई म्हणाली, बघ, मी सांगत होते ना. गेल्या त्या. आता घरचे विकायला निघालेत. तू जाऊन भेटून ये.

धाकटी : आई? कुणाची आई? मला काही म्हणता काही कळत नाहीये.

थोरली : तुमचा बाविसावा आठवडा.

पाहुणा : हो.

थोरली : शनिवारी चारला येता तुम्ही. आम्ही दहाला निघालो की.

पाहुणा : हो. तीस वर्षं.

थोरली : तुमच्या आई डावखुऱ्या आहेत.

पाहुणा : तुम्हाला कसं...

थोरली : त्यांचा टाका पडतो तो उलट्या अंगाने पडतो. दुसऱ्याच वर्षी ओळखलं होतं मी. आहेत ना त्या?

पाहुणा : कोण, आई? आहे की! ठणठणीत आहे. म्हणजे गुडघे सोडले तर. पण... तुम्हीच का त्या? मग तुम्ही गेला नाहीत?

थोरली : मला वाटलं, त्या गेल्या.

धाकटी : थांबा. थांबा दोघंही. इथे कोण मेलंय आणि कोण नाही, ते मला कुणीतरी सांगेल का?

थोरली : कुणी नाही मेलं. बस तू.

धाकटी : बसलेलीच आहे मी!

थोरली : तुला आठवतं, पहिल्या वर्षी ह्यांच्यासाठी मी मफलर घातला होता विणायला? राखाडी लोकरीचा. अर्धाच झाला आणि निघायच्या घाईत कपाटात राहिला, वरच्या फळीवर, जादाच्या ब्लँकेटमागे.

धाकटी : आठवतं. घरी येईपर्यंत गाडीत हळहळत होतात.

थोरली : दुसऱ्या वर्षी गेले, तर तो तिथेच होता. पण लांब झाला होता. वीतभर. माझी लोकर संपली होती, म्हणून पुढे विटकरी रंग लावलेला. आणि विणलेला इतका सुबक, की उसवायला हात होईना. मग मी पुढे विणला. माझ्या सात दिवसांत होईल तेवढा. आणि तसाच ठेवून दिला, सुया लावून.

पाहुणा : आणि मग आमची आई.

थोरली : मग त्या. मग मी. असं करत करत...

धाकटी : म्हणजे तुम्ही विणायचात ते... मला वाटायचं तुम्ही दर वर्षी नवीन काही घालता आणि विसरून येता. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, वहिनींचं डोकं तेवढं एका बाबतीत कामातून गेलंय.

थोरली : ते मला म्हणाले होते.

धाकटी : तीस वर्षं एका खोलीत झोपलो आपण, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

थोरली : तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, कोण आहेत त्या, पत्ता काढू या, चिठ्ठी ठेवू या. मग ओळख झाली असती. मग त्यांच्याकडची लग्नं, आपल्याकडची बारशी, आहेर, त्यांनी किती दिले आणि आपण किती. घरची तेवढी नाती पुरेशी होती मला. एक तरी बिनबोलण्याचं असू दे म्हटलं.

पाहुणा : आईही हेच म्हणते. अगदी शब्दाने शब्द. मला तरी कुठे माहीत होतं! मी तिला शनिवारी सोडून यायचो आणि पुढच्या शनिवारी आणायला जायचो. ह्या वर्षी आणायला गेलो तर खिडकीत बसून रडत होती. म्हटलं काय झालं? तर म्हणाली, वाढलं नाहीये.

थोरली : मी हात नाही लावला ह्या वर्षी. कारण मी गेले तर ते वाढलेलं नव्हतं. मागल्या वर्षी मी जिथे सोडलं, तिथेच. माझीच शेवटची ओळ, माझीच सुई, जशी खोवली होती तशी. मला वाटलं... आता कुणासाठी विणायचं.

पाहुणा : मागच्या वर्षी आईचं मनगट मोडलं होतं हो! डावं. प्लास्टर घालून गेली होती. जाऊ नको म्हटलं, तरी गेली. आता कळतंय कशाला.

थोरली : मनगट.

पाहुणा : आता चांगलं आहे. ह्या वर्षी दोन वर्षांचं मिळून विणीन म्हणून हौसेने गेली, आणि बघते तर तुमचं नाही. मग तिने तुमचा शोकच धरला. सुतक तेवढं पाळलं नाही.

धाकटी : एवढं होतं तर एक चिठ्ठी नाही लिहिता आली त्यांना? हात मोडलाय, विणू शकत नाही. संपलं!

पाहुणा : डावखुरी आहे ना ती. लिहिणार कशाने?

धाकटी : मग तुम्हाला सांगायचं लिहायला.

पाहुणा : मला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायला लागलं असतं.

थोरली : नाही सांगितलं ते बरोबरच केलं त्यांनी.

धाकटी : कमाल आहे. दोघी एका माळेचे मणी. म्हणजे तुम्ही, चष्मेवाले, घ्यायला आलाच नाहीत काही?

पाहुणा : नाही हो. सांत्वनाला आलो होतो. पण अनोळखी घरी जाऊन म्हणू काय, तुमच्याकडच्या कुठल्या बाई गेल्या? मग म्हटलं गिऱ्हाईक म्हणून जावं, बोलता बोलता विषय काढावा. मला काय माहीत ह्या एवढी उलटतपासणी घेतील.

धाकटी : दोन आठवडे उरलेल्या कराराला कुणी पूर्ण भाव देईल का हो? पोरगं पण फसलं नसतं.

पाहुणा : तो भाव कमी आहे की जास्त, तेही मला कळलं नव्हतं. आमचाही करार तेव्हाच संपतोय. सगळ्या इमारतीचाच. पुढे ते लोक खोल्या नव्याने करून नव्या लोकांना विकणार म्हणे.

थोरली : आणि ते कपाट?

पाहुणा : कपाटं तर काढतीलच. म्हणून तर आई हे घेऊन आली ह्या वर्षी. पहिल्यांदाच बाहेर काढलं. म्हणाली, त्यांच्या घरी दे, त्यांनी सुरू केलं होतं. हे बघा.

धाकटी : अगंबाई. हे एवढं? पिशवीतून संपतच नाहीये की! हा मफलर आहे का सतरंजी?

थोरली : गुंडाळून आणायचं होतं हो, टाके सुटतात... नाही, नीट आहेत. सुईला बूच लावलंय त्यांनी. हा बघ, हा राखाडी ह्यांचा. इथून विटकरी त्या. ही हिरवी मी, तुझ्या लेकाच्या स्वेटरची उरली होती. आणि ही इथली काळी ओळ... हे गेले, त्या वर्षीची. पुढच्या वर्षी बघते तर त्यांनीही आधी एक काळी ओळ घातलेली आणि मग पुढे रंग.

धाकटी : त्यांना कसं कळलं?

थोरली : विचारलं नाही मी. कळलं.

पाहुणा : आईने मला ती ओळ दाखवली होती. म्हणाली, हे तेव्हा त्यांच्याकडे काहीतरी झालं होतं.

धाकटी : चहा घ्या हो. गार होतोय. पाहुण्याला मघापासून पाण्यावर ठेवलंय मी. जाऊबाई, रडायचं तर रडा, पण लोकर भिजवू नका.

थोरली : मी कुठे रडतेय.

पाहुणा : आईला फोन लावू का? बोलता तुम्ही?

थोरली : नको.

पाहुणा : खूश होईल हो ती.

थोरली : काय बोलू मी? तीस वर्षांत एक शब्द नाही बोललो, आता सुरुवात कुठून करू, गुडघ्यांपासून? नको. हे परत घेऊन जा तुम्ही.

पाहुणा : परत? पण ते तुमचं आहे. आणि तुम्ही तर आठवडा विकताय. मग हे कुठे जायचं?

थोरली : तेही खरंच. विकतोय नाही का आपण.

धाकटी : माझ्याकडे काय बघताय?

थोरली : मी कुठे बघतेय. पेन दे, सही करते. बोलले होते मी तुला.

धाकटी : कुणासाठी करताय सही? हे गिऱ्हाईक तर खोटं निघालं! आणि खरं एकही येणार नाही, लिहून ठेवा. तीस तारखेचा पास.

थोरली : मग काय करायचं गं त्या पासाचं?

धाकटी : काय करतात लोक? बसतात गाडीत आणि संपवतात. पण मी आधीच सांगते, ह्या वेळी मी तिथे गॅसला हात लावणार नाही. दोन्ही वर्षं स्वयंपाक तुम्ही करायचा.

थोरली : करीन की.

धाकटी : करणार! मग विणणार कधी? जेवण खालच्या हॉलमधून मागवू. आणि खिडकीतल्या खुर्चीत एक दिवस मी बसणार. बघू तरी काय दिसतं तिथून.

थोरली : तळं दिसतं.

धाकटी : ओट्याच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. तीस वर्षं बघितलंय.

पाहुणा : मग मी आईला काय सांगू? तिला एक भीती आहे, बोलून दाखवते. शेवटच्या वर्षी तुमच्या मागून आमचा आठवडा. म्हणजे टाके बंद करायचं तिच्याकडे येणार. ती म्हणते, मला नाही जमणार ते.

थोरली : न जमू दे. सुईवरच ठेवा म्हणावं. आणा ती पिशवी इकडे. विटकरी लोकर आहे का त्यात?

पाहुणा : आहे, एक गुंडा आहे. पण तुमच्या आठवड्याशिवाय तुम्ही...

थोरली : माझा ह्या वर्षीचा राहिलाय ना. तोच घालते. अगं, उजेडाला जरा तो पडदा सार. चहा संपवा तुम्ही सावकाश, एवढी एक ओळ होऊ दे.

पाहुणा : सांगू ना मग, तुम्ही भेटलात म्हणून? कशा दिसता, काय बोललात?

थोरली : काही सांगू नका. नुसतं हातात द्या.